स्टिल्टच्या पट्ट्यावर आलेल्या कमेंटला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट काल रात्री वाचली, परत वाचली, आणि मग झोपच लागेना म्हणून इथेच सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: ड्रायवॉलचं, म्हणजे भिंतीला-छताला जिप्समचे बोर्ड लावायचं काम करताना सीलिंगला हात पोचावा म्हणून पायाला ॲल्युमिनियमच्या स्टिल्ट, म्हणजे उंच कृत्रिम पाय, बांधतात, त्यांचा गुडघ्याखालचा पट्टा मी घरी नवा करून घेतला आणि त्यावर मागच्या आठवड्यात लेख टाकला. कमेंट करणाऱ्यांचं म्हणणं, पट्टा आरामाचा केला तरी पडायचा धोका तसाच राहतो, कंपनीला न विचारता बदल करायचा नाही असा ओशाचा (अमेरिकेतलं कामगार-सुरक्षेचं सरकारी खातं) नियम आहे, फोटोत बकल आतल्या बाजूला दिसतंय, आणि शेवटचं वाक्य: "हौशी लोकांनी असल्या गोष्टींत हात घालू नये, कुणाचा तरी पाय जाईल."

बकलचं तुमचं बरोबर. फोटो काढायच्या घाईत डावी-उजवी स्टिल्ट उलट बांधली गेली. बकल आणि पट्ट्याचं मोकळं टोक बाहेरच्याच बाजूला पाहिजे, नाहीतर चालताना एक पाय दुसऱ्यात अडकतो. चूक माझी, मान्य.

पण "हौशी"? अहो, न्यू जर्सीत नऊ वर्षं मी टेपिंग आणि फिनिशिंग, म्हणजे बोर्डांचे सांधे बुजवून गुळगुळीत करायचं काम केलंय, 18 ते 30 इंच उंचीची जोडी, एकेक स्टिल्ट तीन-साडेतीन किलोची, सकाळी बांधली की जेवायलाच उतरायची. 2016 च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी घरी आलो तर उजव्या पायातली चप्पल सारखी निसटत होती. अंगठा वर उचलायला गेलो, उचलेचना. डॉक्टर म्हणाले नस दबलीय. सहा आठवडे पाय ओढत चाललो, पगार नाही, घरी मुलगी दोन वर्षांची. आणि तुम्ही मला पाय जाण्याबद्दल सांगताय!

ती नस कुठे असते माहितीये? गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली बोट फिरवा, एक गोल हाड लागेल. त्याच्या खालून ती नस वळसा घालून पुढे येते, कातडीच्या अगदी लगत, मध्ये मांस जवळजवळ नाहीच. स्टिल्टचा पट्टा बरोबर तिथेच सरकतो. आधी पावलावर मुंग्या, मग पंजा जड.

हे मला कुणी डॉक्टरने शिकवलेलं नाही. माझे बाबा मिरजेत पोलिओच्या मुलांसाठी कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारे पट्ट्यांचे सांगाडे, बनवायचे. मापं घेताना मी शेजारी बसलेलो असायचो. बाबा आधी त्या हाडावर खडूने खूण करायचे, त्याला ते "बाहेरची गाठ" म्हणायचे, आणि पोटरीच्या पट्ट्याची वरची कड गाठीच्या खाली इंचभर सोडूनच ठेवायचे. पोराच्या पायात जी थोडी ताकद उरलीय ती तरी आपल्या हातून जायला नको, असं म्हणायचे. आतून मऊ चामडं लावायचे आणि स्वतःच्या मनगटावर घासून बघायचे. मी माझ्या पट्ट्यात तेच केलं, मूळ पट्टा दोन इंच रुंद होता तो चार इंच केला, आत दहा मिलिमीटरचा फोम, गाठीजवळ अर्धगोल कापून जागा मोकळी. बाजूला तोल जातो तेव्हा सगळा जोर याच पट्ट्यावर येतो, तो जोर रुंद जागेवर पसरला की पट्टा करकचून आवळावा लागत नाही. वेल्क्रो काढून बकल लावलं कारण मडची (सांधे बुजवायच्या लेपाची) पांढरी धूळ वेल्क्रोत बसली की दोन महिन्यांत ते धरेनासं होतं. हे ज्याने घासून घासून साफ केलंय त्यालाच कळतं, याला हौस म्हणत नाहीत.

नियमाचं म्हणाल तर ओशाचं ते कलम, 1926.452, मलाही ठाऊक आहे, स्टिल्टमध्ये बदल करायचा तर कंपनीची मान्यता लागते असं त्यात आहे. मी नळी, स्प्रिंग, पायाखालची प्लेट, कशालाच हात लावलेला नाही, आणि पट्टा बदलणं म्हणजे स्टिल्ट बदलणं असं मी मानत नाही. पडायचा मुद्दा वेगळा आहे, जमिनीवर वायरी आणि ड्रायवॉलचे तुकडे पसरलेले असतील तर कुठलाच पट्टा वाचवत नाही, आधी झाडून घ्यायला लागतं. त्यावर इथे वाद नको.

मतभेद असू द्या, पण ज्याचा पाय गेला होता त्याला असं बोलायची ही पद्धत नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तुम्ही स्वतः स्टिल्टवर किती दिवस उभे राहिलात तेवढं आधी सांगा. बकलचा फोटो शनिवारी बदलतो.