गवत खाणारे बरे होते

मे महिना, पारा 45 वर आणि कूलरची खस कोरडीठाक. अशा दुपारी नागपुरात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पण भाचा अकोल्याहून आला होता आणि त्याला मॉलच्या एसीत डायनासोर मारायचे होते.

"मामा, सोप्पं आहे. दिसला की गोळी घालायची."

सरकारी कार्यालयात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे 'दिसला की' प्रकरण जमत नाही. समोर आलेल्याला आम्ही आधी बसवतो, कागद कोणते आणले ते विचारतो, साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगतो. इथं झुडपातून निघालेला रॅप्टर सरळ माझ्या नरड्याशीच. स्क्रीन लालभडक.

"मामा, काय करून राहिले तुम्ही? मारा ना!"

मारतच होतो. प्लास्टिकची बंदूक हातात थडथडत होती आणि गोळ्या आभाळाला लागत होत्या. मग त्याही संपल्या. नव्या भरायच्या तर बंदूक स्क्रीनच्या बाहेर रोखून घोडा दाबायचा. म्हणजे शत्रू अंगावर येत असताना आपण नेम धरायचा तो शेजारच्या पॉपकॉर्नवाल्यावर. तो बिचारा दोनदा खाली वाकला.

खरं सांगतो, डायनासोरांवर माझा काही राग नव्हता. विदर्भातल्या माणसाचे ते गाववालेच. वरोऱ्याजवळ पिजदुऱ्याला त्यांच्या शेणाचे दगड झालेले सापडतात. शास्त्रज्ञांनी ते तपासले तर आत गवताचे बारीक अवशेष. 2005 साली हे जगजाहीर झालं. पुढे 2011 मध्ये कळलं की त्यातलं काही गवत भाताच्या कुळातलं आहे. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आमचा डायनासोर हा दुपारी भाताचा भाऊबंद खाऊन सावलीत पडणारा, तब्येतीनं थोराड पण स्वभावानं माझ्यासारखा. त्याला कोणी गेममध्ये घेत नाही.

आणि तो रॅप्टर! खरा वेलोसिरॅप्टर मंगोलियातला, टर्कीएवढा, अंगावर पिसं असलेला. सावजीच्या एका टेबलावर संपला असता. गेमवाल्यांनी त्याची पिसं उपटली अन् उंची माणसाएवढी करून माझ्यावर सोडला.

हे सगळं भाच्याला समजावून सांगायला घेतलं, तेवढ्यात टी. रेक्सनं मला खाल्लं.

स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू झाली. नऊ, आठ, सात... कार्ड लावलं की जीव परत. विजेचं बिल भरायला सुद्धा माणसाला चार दिवस देतात, इथं प्राण वाचवायला नऊ सेकंद! मी कार्ड लावलं. परत मेलो. परत लावलं. पाचशेचं कार्ड अकरा मिनिटांत साफ, आणि टी. रेक्स जबडा उघडून उभाच.

"काका, सरका ना तिकडं."

मागे आठेक वर्षांची एक पोरगी, दोन वेण्या, गळ्यात वॉटरबॅग. आकडा तीनवर आला असताना तिनं आपलं कार्ड लावलं, माझ्या हातातून बंदूक घेतली आणि माझ्याच उरल्यासुरल्या स्कोअरवर खेळायला लागली. भाच्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. दोघांनी मिळून त्या धुडाला दीड मिनिटात आडवं केलं.

मधेच तिनं वॉटरबॅग काढून माझ्याकडं दिली. "काका, पकडा जरा." भाच्यानं लगेच त्याची टोपी पण दिली.


पॉपकॉर्नवाला आता निवांत होता. मला बघून म्हणाला, "भाऊ, मिठाचे देऊ का मसाल्याचे?"