आधी चाळीस रिपोर्ट वाचा

कॉलेजच्या मानांकनाचं, म्हणजे बाहेरच्या दर्जा-तपासणीचं, वर्ष जवळ आलं की स्टाफरूमची भाषा बदलते. एरवी 'या बॅचला काही येत नाही' म्हणणारी माणसं (मी धरून) 'अध्ययन निष्पत्ती' (शिकून मुलांना काय यायला हवं), 'अटेनमेंट' (त्यातलं किती आलं), 'क्लोजिंग द लूप' (ते बघून शिकवणं सुधारणं) असं बोलायला लागतात. विद्यार्थ्यांचं शिकणं सुधारण्याची योजना लिहायचं काम आमच्याकडे माझ्या गळ्यात पडलं होतं, त्यामुळे खालचं सगळं घरचा आहेर समजा.

पहिली बैठक योजनेचा विषय ठरवायची. अर्ध्या तासात फळा भरला: चिकित्सक विचार, संवादकौशल्य, संशोधनवृत्ती. कशालाच कुणाचा विरोध नाही, आणि गोम तिथेच होती. 'हे तर आम्ही शिकवतोच' असं प्रत्येक विभाग म्हणाला, म्हणजे कुणालाच काही वेगळं करावं लागणार नव्हतं. शेवटी एका ज्येष्ठ मॅडमनी विचारलं, "मुलांना नेमकं काय येत नाही, हे आपल्यापैकी कुणी बघितलंय का?" निकालाचे तक्ते सगळ्यांकडे होते. पण ५४ टक्के मिळवणाऱ्याला काय येतं आणि काय येत नाही, ते तक्त्यात नसतं.

त्यांच्याच आग्रहाने तिसऱ्या वर्षाचे चाळीस प्रोजेक्ट रिपोर्ट काढले, नावं झाकली आणि आम्ही सहा जण वाचायला बसलो. पहिल्या तासात जे कळलं ते आमच्याबद्दल होतं. एका रिपोर्टमधल्या निष्कर्षाला मी चारपैकी तीन गुण दिले, शेजारच्या सरांनी एक. रुब्रिक (कशाला किती गुण, याचा तक्ता) एकच, कागद एकच. मी भाषा बघत होतो, ते पुरावा शोधत होते. त्यावरून दोन तास भांडलो. अख्ख्या योजनेच्या कामात याहून उपयोगाचा वेळ मी घालवलेला नाही. चांगला निष्कर्ष कशाला म्हणायचं, हे एकमेकांना न विचारताच इतकी वर्षं आम्ही मार्क वाटत होतो.

दुपारनंतर मुलांचं दिसायला लागलं. आलेख बहुतेकांनी झकास काढले होते, अक्ष-एककं जागच्या जागी. खाली ओळ: 'वरील आलेखावरून असे दिसते की मूल्य वाढत गेले आहे.' संपलं. किती वाढलं, कुठे वाढायचं थांबलं, पाचच मोजमापांवरून एवढं म्हणता येतं का, एक बिंदू भलतीकडेच का पडलाय, अवाक्षर नाही. चाळीसपैकी निम्म्याहून जास्त रिपोर्टांत हेच. विषय ठरला: आलेखावरून निष्कर्ष लिहिणे.

लगेच शंका आली, "एवढ्याशा विषयावर मानांकनवाले काय म्हणतील?"

म्हणून नियम शोधले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली मानांकन संस्था, सॅक्सकॉक, दहा वर्षांनी होणाऱ्या फेरमानांकनात अशी योजना मागायची आणि पाचव्या वर्षी तिच्या परिणामांचा अहवाल घ्यायची. विषय संस्थेच्या चालू नियोजन-मूल्यमापनातून निघालेला असावा, ठरावीक अध्ययन निष्पत्तींवर किंवा विद्यार्थ्यांच्या यशावर नेम असावा, संस्थेतल्या लोकांचा पाठिंबा असावा, साधनं द्यावीत, मोजण्याची सोय असावी. विषय भव्य असावा असं त्यात कुठेच नव्हतं. भव्यतेची हौस आपली आपल्यालाच.

आता खरी अडचण. २०१४ मध्ये जेम्स मॅडिसन विद्यापीठातल्या कीस्टन फुल्चर आणि सहकाऱ्यांनी हे काम डुकराच्या उदाहरणाने सांगितलं होतं: वजन करा, खायला घाला, पुन्हा वजन करा. नुसत्या वजनाने डुक्कर पोसत नाही. शिवाय बदल आणि सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी. नवा ऐच्छिक विषय आणला, रुब्रिक सजवलं, हे बदल. शिकवण्यात काही वेगळं केलं, मग त्याच काट्यावर पुन्हा मोजलं आणि आकडा वर गेला, तर ती सुधारणा. बहुतेक योजनांमध्ये मधलं खायला घालणंच गायब असतं. तिथे एक दिवसाची कार्यशाळा आणि पाहुण्यांचं व्याख्यान असतं. तो नुसता वास.

आम्ही दुसऱ्या वर्षाच्या दोन विषयांत दर प्रयोगाला एक परिच्छेद लिहून घ्यायचं ठरवलं. पुढच्या तासाला तो दोन शेऱ्यांसह परत, आणि मुलांनी पुन्हा लिहायचा. मुलं वैतागली. पहिल्या सत्राच्या फीडबॅकमध्ये आमचे गुण घसरले. इथे माझाही धीर सुटला होता, पण हार्वर्डमधला एक प्रयोग आठवला. २०१९ मध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गात स्वतः झटापट करून शिकणाऱ्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण 'मला किती समजलं' या प्रश्नावर त्यांनी स्वतःला कमी गुण दिले. छान व्याख्यान ऐकणाऱ्यांचं उलट. समाधानाचे फॉर्म शिकण्याचा पुरावा म्हणून जोडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. फीडबॅक घेऊच नये असं मी म्हणत नाही. त्याला त्याच्या जागी ठेवावं.

लक्ष्यांबद्दल थोडक्यातच बोलतो, नाहीतर भांडणं होतील. जिथे आधीच ७२ टक्के आहेत तिथे ७० चं लक्ष्य ठेवण्याची कला आपल्या सगळ्यांना अवगत आहे.

खर्चाच्या रकान्यातही तसंच. सॉफ्टवेअरला पैसे लगेच मंजूर झाले. सहा शिक्षकांना रिपोर्ट वाचायला वर्षातून दोन दिवस वेळापत्रकातून मोकळं करा म्हटलं, तर तीन बैठका लागल्या. आठवड्याला साठ परिच्छेद तपासणाऱ्या शिक्षकाचा एक तास कमी करणं अजून बाकीच आहे.

वर्षाने पुन्हा चाळीस रिपोर्ट काढले, तसेच नावं झाकून. पुराव्याचा उल्लेख करणारी मुलं वाढली होती. पण 'एवढ्या मोजमापांवरून एवढं म्हणता येतं का' या ओळीवरचे गुण जवळपास जिथल्या तिथे. म्हणजे निम्मं जमलं, निम्मं नाही. मी अहवालाच्या मसुद्यात तसंच लिहिलं, कारणाचा अंदाजही दिला: मर्यादा ओळखायला आम्ही सांगितलं, शिकवलं नाही.

मसुदा फिरून आला तेव्हा त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'हे आवश्यक आहे का?' मी खाली 'हो' लिहून पुढे पाठवला. दोन सह्या झाल्यात, तीन बाकी आहेत. सध्या तरी परिच्छेद जागेवर आहे.