काल रात्री एका सदस्याने…

तो 'एक सदस्य' म्हणजे मी. आमच्या डीबीए, म्हणजे कंपन्यांचे डेटाबेस (माहितीची कोठारं) सांभाळणाऱ्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे चाळीस माणसं आहेत आणि त्या सगळ्यांना हे रविवारी सकाळी साडेआठलाच कळलेलं आहे. आता तुमच्यापासून लपवून काय मिळवू?

तर शनिवारची रात्र. म्हणजे घड्याळाप्रमाणे रविवार, पहाटेचे 2 वाजून 10 मिनिटं. एका गिऱ्हाइकाकडचा ओरॅकल कंपनीचा डेटाबेस ठप्प. एरर ओआरए-00257. ज्यांना हा आकडा पाहून काहीच होत नाही ती माणसं सुखी आहेत. त्यांच्यासाठी थोडक्यात: डेटाबेसमधला प्रत्येक बदल एका वहीत टिपला जातो. वही भरली की तिची प्रत कपाटात ठेवायची आणि मगच ती वही पुन्हा वापरायला घ्यायची. कपाट भरलं की आतला कारकून हात वर करतो. जागा नाही, काम बंद.

मी काय केलं, तर कपाट उघडलं आणि बॅकअप झालेल्या जुन्या प्रती हाताने उचलून फेकून दिल्या. दीडशे जीबी मोकळी केली. घाम पुसला. कारकून म्हणाला, कपाट भरलेलं आहे.

अहो, रिकामं केलंय! डोळ्यांनी दिसतंय! नाही. भरलेलं आहे.

एकीकडे ब्रिज कॉल, म्हणजे सगळ्या टीम्सचा एकत्र फोन, चालू होता. कॉलवर अकरा माणसं. त्यातल्या दहांचं काम एकच, अकराव्याला दर चार मिनिटांनी "एनी अपडेट?" विचारणं. एक जण तर म्यूट करायचा विसरून घोरत होता, पण मधेच जागा होऊन तोही "एनी अपडेट?" म्हणाला आणि परत घोरायला लागला. ॲप्लिकेशनवाल्यांनी आल्या आल्या जाहीर केलं होतं की त्यांच्या बाजूने सगळं ठीक आहे. नेटवर्कवाल्यांच्या बाजूनेही ठीक होतं. जगात सगळ्यांच्या बाजूने सगळं ठीक असतं आणि जे उरतं ते डेटाबेसचं असतं. ते एक असो.

चौदा वर्षं हे काम करतोय. याचं उत्तर मला माहीत होतं. पण पहाटे अडीचला माणसाला स्वतःच्या बायकोचा वाढदिवस आठवत नाही, तिथे कमांड काय आठवणार. शेवटी मी लाज गुंडाळून ग्रुपवर प्रश्न टाकला. 'कोणी वाचलं'च्या यादीत नावं यायला लागली. चौदा जणांनी वाचलं. त्या वेळी जागे असलेले हे चौदा जण काय करत होते देव जाणे, पण उत्तर कोणीच देईना. आणि मग कॅनडावाले काका 'टायपिंग' झाले.

काका मूळचे सदाशिव पेठेतले, आता टोरोंटोजवळ असतात. आपल्याकडे पहाट तेव्हा तिकडे शनिवारची संध्याकाळ, पावणेपाचचा सुमार. त्यांच्या फोटोत मांजर आहे. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना याचा अर्थ लगेच कळतो. ओरॅकलमध्ये शिकाऊ लोकांसाठी पूर्वी एक खातं आयतं यायचं, नाव स्कॉट आणि पासवर्ड टायगर. स्कॉट म्हणजे कंपनीतला अगदी सुरुवातीचा एक कर्मचारी आणि टायगर म्हणजे त्याच्या घरची मांजर. काकांनी आपल्या मांजरीचंही नाव टायगर ठेवलंय. वाघाच्या नावाची मांजर, आणि काका अगदी उलटे. बोलणं मांजरीचं, पंजा वाघाचा.

पहिला मेसेज आला: "नमस्कार. प्रश्न विचारण्यापूर्वी ग्रुपचे नियम वाचावेत. नियम क्र. 4: व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम व पॅच लेव्हल नमूद करणे."

मी नमूद केलं. हात थरथरत होते, लिनक्सचं 'लनिक्स' झालं.

"लनिक्स?"

"लिनक्स, काका."

"ठीक. बॅकअप आहे ना?"

आता हे समजून घ्या. दोन डीबीए भेटले की 'बॅकअप आहे ना' हे आमचं 'जेवलात का'. त्याचं कोणी मनाला लावून घेत नाही. पण गळ्यापर्यंत पाणी आलेल्या माणसाला काठावरून कोणी 'जेवलात का' विचारत नाही हो! मी "आहे" लिहिलं. "रिस्टोर करून कधी पाहिला होतात?" हा पुढचा प्रश्न, म्हणजे त्या बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करून कधी पाहिला होता का. आमच्या धंद्यात याहून खाजगी प्रश्न नाही. मी विषय बदलला.

मग काका पुन्हा टायपिंग. टायपिंग थांबलं. पुन्हा टायपिंग. सहा मिनिटं. तेवढ्यात बायको उठून आली आणि म्हणाली, "अडीच वाजता कोणाशी चॅट चाललंय?" मी म्हटलं, "काकांशी." तिने ज्या नजरेने पाहिलं त्यावरून तिला दुसरं कोणी असतं तर बरं वाटलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

सहा मिनिटांनी काय आलं?

"फाइल्स हाताने डिलीट केल्या आहेत का?"

दोनशे चाळीस माणसं. त्यात माझ्या हाताखालचा पोरगा. मी लिहिलं, "नाही."

पुढच्या क्षणी तेच काका ग्रुप सोडून माझ्या खाजगी चॅटमध्ये उगवले. "आरएम मारलंत ना? कारकून कपाट बघत नाही हो, दारावरची यादी बघतो. आरमॅनमध्ये जा. क्रॉसचेक आर्काइव्हलॉग ऑल. मग डिलीट एक्सपायर्ड. ग्रुपवर लिहीत नाही."

आरएम म्हणजे फाइल उडवायची कमांड, आर्काइव्हलॉग म्हणजे कपाटातल्या प्रती आणि आरमॅन म्हणजे ओरॅकलचं बॅकअप सांभाळणारं साधन. क्रॉसचेक म्हणजे यादी कपाटाशी ताडून बघणं, एक्सपायर्ड म्हणजे यादीत आहे पण कपाटात नाही ते. कपाट आणि यादीची उपमा त्यांचीच, वर मी ती ढापली आहे. तीन मिनिटांत यादी दुरुस्त झाली, कारकून कामाला लागला. ब्रिजवर मी "डेटाबेस इज अप" म्हणालो. बाकीच्या दहांपैकी कोणीच काही बोललं नाही. घोरणारासुद्धा नाही. सोमवारी मॅनेजरसाहेबांच्या मेलमध्ये ॲप्लिकेशन टीमचे विशेष आभार होते. खाली 'आणि इतर टीम्स'. इतर टीम्स म्हणजे मी, बनियनवर, अंधारात, लॅपटॉपच्या उजेडात. डीबीए म्हणजे घरातला गिझर. गरम पाणी येतंय तोवर तो भिंतीवर आहे हेसुद्धा कोणाला आठवत नाही. आणि हल्ली तर वर ऐकवतात की क्लाउडवर गेलो की तुमची गरजच उरणार नाही. जा ना. क्लाउडवर काय कपाटं नसतात?

पण त्या रात्री मला काकांबद्दल भरून आलं होतं. माझं खोटं त्यांनी चारचौघांत पकडलं नाही. आमच्या धंद्यात ही रीत आहे, एकमेकांचं पाप झाकायचं आणि उघडं पडलंच तर धीर द्यायचा. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं. सुमारे 300 जीबी होतं, थांबवेपर्यंत 4.5 उरलं. बॅकअपच्या आणि प्रती ठेवायच्या मिळून पाच सोयी होत्या, त्यातली एकही धड निघाली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. त्या लोकांनी दुरुस्ती चक्क यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, हजारो लोक बघत होते. आणि जगभरच्या आमच्या जातभाईंनी नावं ठेवायच्या ऐवजी धीर दिला. त्याला एक हॅशटॅगही आहे. 'मिठी'चा इंग्रजी शब्द आणि पुढे 'ऑप्स'. तो देवनागरीत लिहिला तर मराठी माणूस भलताच अर्थ घेतो म्हणून लिहीत नाही. अर्थात प्रॉडक्शन, म्हणजे गिऱ्हाइकाचा खराखुरा चालू डेटाबेस, बसल्यावर आमची जी अवस्था होते तिला मराठी अर्थच जास्त लागू पडतो.

असा गहिवर घेऊन मी झोपलो. सकाळी साडेआठला फोन बघतो तर ग्रुपवर काका. तिकडे रात्रीचे अकरा, जेवण उरकून निवांत लिहिलेलं असावं.

"नमस्कार मंडळी. काल रात्री एका सदस्याने आर्काइव्ह लॉग हाताने डिलीट केले. नाव सांगण्यात स्वारस्य नाही. सर्वांच्या माहितीसाठी पुढील अकरा मुद्दे."

नाव सांगण्यात स्वारस्य नाही! आणि त्या मेसेजच्या बरोब्बर वर माझा प्रश्न आणि माझं 'नाही'. मधे फक्त एक सूर्यफुलाचं 'शुभ सकाळ'. ते सूर्यफूल किती झाकणार? मुद्दा क्रमांक 7 होता, "विचारल्यास खरे सांगावे." सदतीस अंगठे आले. माझ्या हाताखालच्या पोराने तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा टाकला, आणि वर मला वेगळा मेसेज: "सर, आपल्याकडे पण काल 257च आला होता ना?" चौदा वर्षांची इज्जत, क्रॉसचेक करून एक्सपायर्ड.

मी काय करणार? अंगठा नाही दिला तर संशय पक्का. दिला. अडतिसावा.

पाच मिनिटांत काकांचा खाजगी मेसेज. "राग मानू नका. शिकवायला उदाहरण लागतं. तुम्हाला म्हणून सांगतो, 2006 साली अंधेरीच्या ऑफिसात माझ्यासमोर दोन विंडो उघड्या होत्या, एक टेस्टची, एक प्रॉडक्शनची. चुकीच्या विंडोत ड्रॉप युजर कॅस्केड दिलं. खातं आणि त्यातलं सगळं साफ. ते रिसायकल बिनमध्येही जात नाही. साहेबांना सांगितलं, डिस्क गेली. डिस्कवाल्या बिचाऱ्याने दोन तास शिव्या खाल्ल्या. हे कुठे बोलू नका. निदान नाव तरी घेऊ नका."

नाव कुठे घेतलंय? वर पुन्हा वाचून बघा. मधे एक सूर्यफूल टाकायचं तेवढं राहिलं.