‘विषय संपला’ म्हणणाऱ्या वाचकास

अनामिक महोदय,

‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ या १९५६ साली गाजलेल्या अमेरिकन गाण्याच्या जन्मकथेवरचा माझा लेख आपण वाचलात आणि खाली चांगली लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. आधी माझ्या चुकीचं बोलते. रेकॉर्डिंगच्या वेळी मुख्य गायक फ्रँकी लायमन बारा वर्षांचा होता, असं मी लिहिलं होतं. त्याचा जन्म ३० सप्टेंबर १९४२ चा आणि रेकॉर्डिंग १९५५ च्या अखेरीचं, म्हणजे त्याला तेरा पूर्ण झाली होती. आपलं बरोबर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण एवढं सांगायला ‘ताई, लिहिण्याआधी थोडं वाचत जा’ ही भाषा कशाला हवी होती? अकरा वर्षं इथे लिहितेय. ज्यांनी ज्यांनी चूक दाखवली त्यांचे नाव घेऊन आभार मानलेत. चूक दाखवणं वेगळं आणि पाणउतारा करणं वेगळं, हे आपल्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला मी सांगावं लागू नये.

आता फ्रँकीचे गटातले साथी हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट यांनी या गाण्याच्या लेखनश्रेयासाठी केलेल्या दाव्याबद्दलचं आपलं ते वाक्य: ‘सँटियागो आणि मर्चंट यांचा दावा कोर्टानं १९९६ साली फेटाळला, विषय संपला, उगाच गळे काढू नका.’

नाही संपला. कोर्टानं दावा फेटाळला, पण कशावरून फेटाळला ते आपण सोयीस्कर गाळलंत. १९९२ साली ज्यूरीनं पुरावे ऐकून कौल दिला होता, की हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट हे या गाण्याचे सहलेखक आहेत. वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला तो ‘गाणं यांनी लिहिलेलं नाही’ असं म्हणून नव्हे. दावा मुदतबाह्य आहे, एवढंच कारण. कॉपीराइटच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आणि यांनी दावा लावला १९८७ मध्ये. ‘गाणं कुणाचं’ याचं उत्तर १९९२ मध्ये मिळालं होतं. १९९६ मध्ये फक्त ‘उशीर झाला’ एवढं सांगितलं गेलं. या दोन गोष्टी एकच समजणाऱ्यानं मला वाचत जा म्हणू नये.

आणि उशीर का झाला? १९५६ मध्ये ही न्यूयॉर्कची पंधरा-सोळा वर्षांची शाळकरी पोरं होती. शेजाऱ्यानं दिलेल्या प्रेमपत्रांतून त्यांना गाण्याचं बीज मिळालं, अशी आठवण ते सांगत आले. सुरुवातीच्या तबकड्यांवर लायमन आणि निर्माता जॉर्ज गोल्डनर यांच्यासोबत सँटियागोचंही नाव होतं. पुढच्या तबकड्यांवरून ते गेलं. मग गोल्डनरनं आपल्या रेकॉर्ड कंपन्या मॉरिस लेव्ही या व्यावसायिकाला विकल्या आणि गोल्डनरच्या जागी लेव्हीचं नाव आलं. लेव्ही या गाण्याचा लेखक! हा माणूस पुढे १९८८ मध्ये खंडणीच्या कटात दोषी ठरला. त्यानं आपल्याला धमकावलं होतं, असं या दोघांचं म्हणणं होतं. अशा माणसाविरुद्ध तीन वर्षांच्या आत कोर्टात का गेला नाहीत, असं घरात बसून विचारणं सोपं आहे.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. कॉलेजात असताना एका एकांकिकेसाठी मी चाल बांधली होती. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली सरगम, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. ती वही आजही माझ्याकडे आहे. प्रयोगाच्या पत्रकावर ‘संगीत’पुढे दुसऱ्याच मुलाचं नाव छापलं गेलं. मी एकोणीस वर्षांची होते, गप्प बसले. वीस वर्षांनी स्नेहसंमेलनात विषय काढला तर उत्तर काय मिळालं? ‘मग तेव्हाच का नाही बोललीस?’ चाल माझी नव्हती, असं एकजणही म्हणाला नाही. आपलं वाक्य वाचताना तोच आवाज कानात आला. आपल्याला हा गळा काढणं वाटत असेल तर वाटो.

फ्रँकीवर मी अन्याय केला, हा आरोप तर मला मान्यच नाही. तो आवाज त्याचाच. गटातल्याच शर्मन गार्न्सचा तो खालचा, घुमणारा बास सुरू होतो आणि त्यावर या पोराचा स्वर असा काही चढतो, की अजून अंगावर काटा येतो. त्याच्याही हाती या गाण्याचे पैसे फारसे लागले नाहीत. १९६८ मध्ये हार्लेममध्ये आजीच्या घरी हेरॉइननं तो गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. सँटियागोचं श्रेय मागितल्यानं फ्रँकी लहान होत नाही.

बाकी लेख लांबला, मराठीत हे विषय कशाला वगैरे. त्यावर वेळ घालवणार नाही. ज्याला लांब वाटतो त्यानं वाचू नये.

पुन्हा लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. फक्त खाली आपलं नाव घाला.