गेओर्ग ओट्स : ‘रशियन चित्रपटतारा’ या समजाचा प्रतिवाद

जुन्या सोव्हिएत गाण्यांच्या शौकिनांमध्ये बाल्टिक समुद्रकाठच्या एस्टोनियाचे गायक-नट गेओर्ग ओट्स यांच्याविषयी एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा : ओट्स हे जन्माने आणि वृत्तीने रशियन होते, १९५८च्या ‘मिस्टर एक्स’ या चित्रपटाने त्यांना एका रात्रीत गायक केले, स्टालिन पारितोषिके देऊन सोव्हिएत सत्तेनेच त्यांचे नाव मोठे केले, युद्धात बुडणाऱ्या जहाजातून उडी टाकून त्यांनी पोहत किनारा गाठला, आणि स्वतंत्र झालेल्या एस्टोनियाने या ‘सोव्हिएत’ कलावंताला विसरून टाकले. या पाच विधानांपैकी प्रत्येकात सत्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ती लोकांना पटतात. पण पाचही विधाने एकत्र वाचली की जे चित्र उभे राहते ते खोटे आहे, आणि ज्या रंगभूमीने हा कलावंत घडवला तिचे श्रेय त्या चित्रात पूर्णपणे हिरावले जाते. त्यामुळे त्यांची एकेक करून तपासणी करणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान जन्माचे. ओट्स यांचा जन्म २१ मार्च १९२० रोजी पेट्रोग्राड येथे, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला, हे खरे आहे. पण जन्मगावावरून माणसाची भाषा आणि समाज ठरवायचा झाला तर त्या काळातील कितीतरी एस्टोनियन माणसांना रशियन म्हणावे लागेल. १९१८पर्यंत एस्टोनिया रशियन साम्राज्याचाच भाग होता आणि साम्राज्याची राजधानी एस्टोनियाच्या सीमेपासून फार दूर नव्हती. शिक्षण, नोकरी आणि कलेच्या संधी शोधत एस्टोनियन कुटुंबे तिथे जाऊन राहत असत. ओट्स यांच्या जन्माच्या जेमतेम सात आठवडे आधी, २ फेब्रुवारी १९२० रोजी, तार्तू येथे झालेल्या तहाने सोव्हिएत रशियाने एस्टोनियाचे स्वातंत्र्य मान्य केले आणि रशियात राहणाऱ्या एस्टोनियन वंशाच्या लोकांना एस्टोनियाचे नागरिकत्व निवडण्याची मुभा मिळाली. ओट्स कुटुंब मायदेशी परतले. वडील कार्ल ओट्स हे टेनर, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाचे गायक. ते राजधानी ताल्लिनच्या ‘एस्टोनिया’ नाट्यगृहात गाऊ लागले आणि मुलगा त्याच शहरात, त्याच नाट्यगृहाच्या सावलीत वाढला. शिक्षण ताल्लिनच्या फ्रेंच लिसियममध्ये झाले. ज्या मुलाचे सगळे बालपण आणि तारुण्याची पहिली वर्षे स्वतंत्र एस्टोनियात गेली, त्याला केवळ जन्मदाखल्यावरून रशियन ठरवणे हा अन्याय आहे.

इथे भाषेचाही मुद्दा येतो. ओट्स यांची रशियन गाणी सर्वाधिक दूरवर पोहोचली, म्हणून ते रशियन भाषेचे गायक होते असा समज झाला. प्रत्यक्षात एस्टोनियन ही स्लाव्ह भाषांच्या कुळातली नाहीच. ती फिनो-उग्रिक कुळातली, फिनिशची जवळची बहीण आहे. ‘एस्टोनिया’ नाट्यगृहात ऑपेरा एस्टोनियन भाषेत गायले जात, आणि ओट्स यांची मूळ घडण त्या भाषेतल्या गायनात झाली. फिनिशमध्ये तर ते इतक्या सहजपणे गात की फिनलंडच्या श्रोत्यांनी त्यांना आपलेसे केले. ‘हे जीवना, माझे तुझ्यावर प्रेम आहे’ या अर्थाच्या मूळ रशियन गीताची त्यांनी गायलेली फिनिश आवृत्ती तिथे आजही ओळखली जाते. शीतयुद्धाच्या काळात फिनलंडच्या आखाताच्या दोन्ही काठांवर प्रिय असलेले आवाज मोजकेच होते आणि त्यांपैकी हा एक होता.

आता दुसरे विधान, जे मला सर्वांत अधिक खटकते. ‘मिस्टर एक्स’ १९५८ साली लेनिनग्राडच्या लेनफिल्म या चित्रपटसंस्थेने काढला, युली ख्मेलनित्स्की यांनी तो दिग्दर्शित केला आणि त्याने ओट्स यांना सोव्हिएत संघाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवले, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘गायक केले’ या शब्दांबद्दल, कारण कालक्रमच त्यांना खोटे पाडतो. चित्रपट आला तेव्हा ओट्स अडतीस वर्षांचे होते आणि ‘एस्टोनिया’च्या रंगमंचावर त्यांची सुमारे चौदा वर्षे गेली होती. गायनाचे त्यांचे रीतसर शिक्षण युद्धकाळात सुरू झाले. १९४० साली सोव्हिएत संघाने एस्टोनिया आपल्यात सामील करून घेतला होता आणि १९४१मध्ये तो जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला. सोव्हिएत सैन्यात भरती झालेल्या एस्टोनियन कलावंतांना एकत्र करून १९४२ साली व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्ल शहरात कलापथके उभी करण्यात आली होती, त्यांत ओट्स दाखल झाले. संगीतकार आणि वृंदगायनाचे थोर संचालक गुस्ताव एर्नेसाक्स हेही तिथेच होते. १९४४च्या शरद ऋतूत ही मंडळी ताल्लिनला परतली, तेव्हा ‘एस्टोनिया’ची देखणी इमारत जागेवर नव्हती, त्या वर्षीच्या ९ मार्चच्या रात्री सोव्हिएत विमानांनी केलेल्या बाँबहल्ल्यात ती जळून गेली होती. शिवाय हजारो एस्टोनियन माणसे, त्यांत कलावंतही, समुद्रमार्गे स्वीडन आणि जर्मनीकडे निघून गेली होती. अशा उद्ध्वस्त अवस्थेत नाट्यसंस्था पुन्हा उभी राहत असताना ओट्स यांनी चायकोव्हस्कीच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या ऑपेरात झारेत्स्कीची भूमिका केली. द्वंद्वयुद्धाच्या प्रसंगात साक्षीदार म्हणून येणारे, मोजक्या ओळींचे हे पात्र आहे. त्याच ऑपेरात पुढे ते नायक ओनेगिन झाले. साक्षीदारापासून नायकापर्यंतचा हा प्रवास एका रात्रीचा नव्हता. त्यासाठी ते तीत कूसिक यांच्यासारख्या बॅरिटोन, म्हणजे मध्यम पट्टीच्या पुरुषी आवाजाच्या, गायकाकडे शिकले, ज्यांनी १९३८ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय गायनस्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला होता. आणि ताल्लिनच्या संगीतविद्यालयातून ते १९५१ साली पदवीधर झाले, म्हणजे रंगमंचावर भूमिका करीत असतानाच त्यांचा अभ्यासही चालू होता.

त्यांच्या भूमिकांकडे नुसती नजर टाकली तरी ‘चित्रपटामुळे झालेला गायक’ ही कल्पना टिकत नाही. थंड, कंटाळलेला उमराव ओनेगिन. व्हेर्दीचा कुबडा विदूषक रिगोलेत्तो आणि कपटी इयागो. मोझार्टचा डॉन जिओव्हानी आणि त्याच मोझार्टचा भाबडा पक्षी पकडणारा पापागेनो. गर्श्विनचा अपंग पोर्गी. आणि सर्वांत गाजलेला रुबिनश्टाइनचा डेमन, जो त्यांनी मॉस्कोच्या बोल्शोय रंगमंचावरही गायला. एकाच गळ्यातून इतके परस्परविरोधी स्वभाव उभे करणे हे नटाचे काम आहे. गाणे आणि अभिनय यांना वेगळे न काढणारा ‘गायक-नट’ हा शब्द मराठीत आहे, म्हणून मी तो सुरुवातीलाच वापरला. ओट्स यांना नुसता गायक किंवा नुसता नट म्हटले की अर्धे राहून जाते.

‘मिस्टर एक्स’चे यश या तयारीतून आले होते. तो चित्रपट एमेरिख काल्मान यांच्या ‘सर्कस प्रिन्सेस’ या १९२६च्या व्हिएन्नातील ऑपेरेटावर, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकावर, आधारलेला आहे. त्यातला नायक बराच वेळ चेहऱ्यावर मुखवटा घालून वावरतो. डोळ्यांभोवतीचा चेहरा झाकलेला असताना अपमान, अभिमान आणि प्रेम हे सारे आवाजातून आणि देहाच्या ठेवणीतून पोहोचवावे लागते, आणि हे काम ज्याला रंगमंचावर शब्द शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याची सवय आहे त्यालाच साधते. पडद्यावर जे लोकांनी पाहिले ते ‘एस्टोनिया’त आधीच तयार झालेले होते.

आता तिसरे विधान, म्हणजे सत्तेने घडवलेला कलावंत. इथे मी ओट्स यांची बाजू घेताना काही गोष्टी लपवणार नाही. त्यांना १९५० आणि १९५२ अशी दोनदा स्टालिन पारितोषिके मिळाली, आणि १९६० साली ‘सोव्हिएत संघाचे लोककलावंत’ ही सर्वोच्च पदवी मिळाली. दुसरे पारितोषिक ‘कोऑर्दीतला प्रकाश’ या १९५१च्या चित्रपटासाठी होते. हेर्बेर्ट रापापोर्ट यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात ओट्स मुख्य भूमिकेत होते आणि गावातली शेती सामूहिक होण्यातच सर्वांचे कल्याण आहे असा त्याचा संदेश होता. मार्च १९४९मध्ये एस्टोनियातून वीस हजारांहून अधिक माणसांना, ज्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध मोठ्या संख्येने होते, सैबेरियात हद्दपार करण्यात आले. त्या दहशतीनंतरच सामूहिक शेती झपाट्याने पसरली. या पार्श्वभूमीवर तो चित्रपट हा सत्तेचा प्रचार होता, आणि ओट्स त्यात होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांनी अधिकृत व्यासपीठांवरची, शासनाला हवी असलेली गाणीही गायली. त्यांना छुपे बंडखोर ठरवण्याचा काही चाहत्यांचा प्रयत्न मला तितकाच अप्रामाणिक वाटतो.

तरीही ‘सत्तेने मोठे केले’ हे अनुमान यातून निघत नाही. पहिले स्टालिन पारितोषिक १९५०मध्ये मिळाले ते ओनेगिनच्या भूमिकेसाठी. आधी भूमिका उभी राहिली, प्रेक्षकांनी ती स्वीकारली आणि मग पदक आले, हा क्रम उलटा करता येत नाही. सोव्हिएत व्यवस्थेत पदके अनेकांना मिळाली, आणि त्यांतली बहुतेक नावे आज कोणाच्याही ओठांवर नाहीत. पदकाने माणूस पन्नास वर्षांनंतर ऐकला जातो असे असते तर ती सर्व नावे ऐकू आली असती. दुसरे असे की ओट्स यांनी हाती मान आणि अधिकार आल्यावर काय केले, हेही पाहायला हवे. १९७१ साली त्यांनी ‘एस्टोनिया’त ‘मॅन ऑफ ला मांचा’ हे अमेरिकन संगीतनाटक स्वतः बसवले आणि त्यात डॉन किहोतेची भूमिका केली. तुरुंगात पडलेला एक लेखक न्यायनिवाड्याला सामोरा जाताना अशक्य स्वप्नाची गोष्ट सांगतो, असे ते नाटक आहे. त्यामागे राजकीय हेतू होता असा दावा मी करत नाही; पण मॉस्कोला खूश करण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे हे नाटक निवडले असते, असे मला वाटत नाही.

आणि ‘सारेमा वॉल्ट्झ’चे काय करायचे? राइमोंड वाल्ग्रे यांनी संगीत दिलेले आणि डेबोरा वारांदी यांच्या कवितेवर आधारलेले हे गाणे सारेमा बेटावरच्या उन्हाळी रात्रीचे आणि नाचाचे आहे. हलक्याफुलक्या नृत्यसंगीतासाठी वाल्ग्रे यांना युद्धोत्तर काळात अधिकाऱ्यांच्या रोषाला तोंड द्यावे लागले आणि ३१ डिसेंबर १९४९ रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या या गाण्याला घराघरात पोहोचवणारा आवाज ओट्स यांचा आहे. एस्टोनियन माणूस ओट्स यांची आठवण काढतो तेव्हा अनेकदा हेच गाणे आधी निघते, पदके निघत नाहीत.

चौथे विधान जहाजाचे, आणि त्याला थोडक्यात उत्तर पुरते. १९४१च्या उन्हाळ्यात ओट्स सोव्हिएत सैन्यात भरती झाले; ऑगस्टमध्ये ताल्लिनहून निघालेले ‘सिबिर’ हे जहाज फिनलंडच्या आखातात जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात सापडले, आणि त्यावरचे ओट्स वाचले. तरुणपणी ते एस्टोनियाचे विजेते जलतरणपटू होते, हेही खरे. या दोन सत्यांना जोडून पुढे तासन्‌तास पोहत किनारा गाठल्याची गोष्ट तयार झाली. त्यांना पाण्यातून दुसऱ्या जहाजाने उचलून घेतले होते. पोहता येत असल्यामुळे ते मदत येईपर्यंत तग धरू शकले, एवढे म्हणणे रास्त आहे. त्यापलीकडची भर त्या आखातात बुडालेल्या असंख्य माणसांच्या मृत्यूला साहसकथेची पार्श्वभूमी बनवते, आणि ती मला पटत नाही. त्या ऑगस्टमध्ये ताल्लिनहून निघालेल्या जहाजांवरून हजारो लोक परतले नाहीत. त्यांत पोहता येणारेही होते.

शेवटचे विधान, की स्वतंत्र एस्टोनियाने त्यांना विसरून टाकले, हे तपासायला सर्वांत सोपे आहे. ओट्स ५ सप्टेंबर १९७५ रोजी, मेंदूतील गाठीच्या दीर्घ आजारानंतर, पंचावन्नाव्या वर्षी गेले; ताल्लिनच्या मेत्साकाल्मिस्तू या वनातल्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. सोव्हिएत काळात त्यांच्या नावाचे प्रवासी जहाज पोलंडमधील श्चेत्सिन येथे बांधले गेले आणि १९८०पासून ते ताल्लिन आणि हेलसिंकीच्या दरम्यान धावू लागले. १९८६ साली आइसलँडच्या रेक्याविक येथे झालेल्या अमेरिका-सोव्हिएत शिखरभेटीत सोव्हिएत शिष्टमंडळाचा मुक्काम याच जहाजावर होता. हे सन्मान सत्तेचे म्हणून बाजूला ठेवले तरी त्यानंतरचे उरतातच. १९९१ साली स्वातंत्र्य परत मिळाल्यावर एस्टोनियात सोव्हिएत काळातले पुतळे हटले, रस्त्यांची नावे बदलली, पण ताल्लिनच्या संगीतशाळेवरचे ओट्स यांचे नाव कोणी पुसले नाही. २०२२ साली राजधानीतल्या संगीत आणि बॅले शिक्षणाच्या संस्था एकत्र होईपर्यंत ती शाळा त्यांच्याच नावाने चालली. २००४ साली सारेमा बेटावरील कुरेसारे शहरात त्यांच्या नावाचे हॉटेल उघडले. ते काही त्या बेटाचे रहिवासी नव्हते, त्या बेटाशी त्यांचे नाते एका गाण्याचे होते, आणि तेवढे नाते तिथल्या लोकांना पुरेसे वाटले. २००७ साली पेतेर सिम यांनी त्यांच्या आयुष्यावर ‘गेओर्ग’ हा चित्रपट काढला. त्यात ओट्स साकारले ते मार्को मात्वेरे यांनी, जे स्वतः एस्टोनियन रंगभूमीवरचे नट आहेत आणि गायकही आहेत.