आवाज जरा कमी करता का, पुस्तकं बघतोय

पुस्तकांच्या दुकानात पाऊल टाकलंत आणि कानावर गिटार आदळली, तर गांगरू नका. आधी भुवया वर न्या. मग अभ्यासिकेत कोणीतरी ढोल घेऊन शिरलाय अशा नजरेनं चारही भिंतींकडे बघा, आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारा, "हे काय लावून ठेवलंय?" गल्ल्यावरचा माणूस म्हणजे मी. दिवसातून चारदा हा प्रश्न आला नाही, तर मला चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

यानंतर आवाज कमी करायला सांगणं हा तुमचा हक्कच आहे. 'द हू' या बँडचा 1976 सालचा एक कार्यक्रम गिनेस बुकात गेला होता, आवाज 120 डेसिबलच्या वर म्हणून. पुढे लोकांचे कान जायला नकोत या काळजीनं त्या बुकानं असला विक्रम नोंदवणंच सोडून दिलं. माझा स्पीकर वरच्या फळीवर दोन शब्दकोशांच्या मागे कोंबलेला आहे आणि त्याचा सामना फार तर पान उलटल्याच्या आवाजाशी होऊ शकतो. पण तुम्ही सांगाच. मी बटण फिरवल्याचा अभिनय करतो, तुम्ही "हं, आता बरं वाटतंय" म्हणा, आणि लगेच फोन काढून मेहुण्याच्या बदलीची हकीकत सगळ्या दुकानाला ऐकवा. पुस्तकांना शांतता लागते, हे तुमचं म्हणणं मला केव्हाच पटलेलं आहे.

"पुस्तकांचा आणि या गोंगाटाचा संबंध काय?" असंही जरूर विचारा, पण हाताशी वेळ ठेवून विचारा. कारण मग मी गल्ला सोडून बाहेर येतो. 'द डोअर्स' या बँडनं आपलं नाव लेखक ऑल्डस हक्सलीच्या 1954 सालच्या पुस्तकावरून घेतलं आणि हक्सलीनं ते कवी विल्यम ब्लेककडून उचललं होतं, इथून सुरुवात होते. लेड झेपेलिन बँडच्या गिटारवाल्या जिमी पेजनं 1970च्या दशकात लंडनमध्ये गूढविद्येच्या पुस्तकांचं चक्क दुकान काढलं होतं, हे सांगताना माझा गळा किंचित दाटतो. इंग्रज कवी कोलरिजची 1798 सालची दीर्घकविता आयर्न मेडन या बँडनं 1984 मध्ये 13 मिनिटांहून लांब गाण्यात बसवली. ते गाणं मी पुरावा म्हणून लावतो. चौथ्या मिनिटाला तुम्ही घड्याळ बघता. सहाव्या मिनिटाला घंटी वाजते. ती गाण्यातली नसते, दुकानाच्या दाराची असते.

असो. तुम्ही पुस्तक घ्यायला आला आहात असं धरून चालू. तर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक असला फाफटपसारा डोक्यात घेऊन येऊ नका. रंग पुरे. "निळं होतं. मागच्या वेळी इथेच, या बाजूला होतं. फार जाड नाही, पण अगदी बारीकही नाही." एवढ्यावर मी कामाला लागतो. चेष्टा नाही करत, खरंच लागतो. स्टुलावर चढतो, खाली बसतो, खोक्यात डोकं घालतो आणि निळी म्हणता येतील अशी 11 पुस्तकं गल्ल्यावर आणून मांडतो. तुम्ही एकेकाकडे बघून नुसती मान हलवा. सहाव्या पुस्तकाशी "हे असू शकेल" म्हणून मला आशा लावा आणि सातव्याशी ती मोडा. शेवटी जाता जाता दाराजवळच्या फळीवरून स्वतःच एक हिरवंगार पुस्तक ओढा आणि म्हणा, "हेच की! म्हटलं नव्हतं, निळसर आहे?" (लाल मात्र सांगू नका. सोनी आणि फिलिप्सनं 1980 मध्ये सीडीचं तांत्रिक प्रमाण ज्या दस्तऐवजात ठरवलं, त्याचं नावच 'रेड बुक' आहे. मला आधी तेच आठवतं आणि मग आपण दोघंही भरकटतो.)

या प्रसंगावर मी बरेच दिवस तोंडसुख घेत होतो. मग एकदा जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्याकडे गेलो. मला एक एलपी हवी होती, नाव ओठांवर होतं पण पुढे सरकत नव्हतं. म्हटलं, सुरुवातीला नुसती गिटार आहे, मग ड्रम येतात. तो म्हणाला, बऱ्याच गाण्यांत असंच होतं. मग मी गाऊन दाखवलं. तोंडानं गिटार, हातानं त्याच्या काउंटरवर ड्रम. मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती, ती एक पाऊल मागे सरकली. रेकॉर्डवाल्यानं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि फार मायेनं म्हणाला, "साहेब, हे कुठलंही गाणं असू शकतं." घामाघूम झालेला मी आणि माझ्या तोंडून जे वाक्य निघालं ते असं: "कव्हर निळं आहे हो त्याचं."

तेव्हा रंगाचा मुद्दा सोडू. फळ्यांकडे वळू.

उचललेलं पुस्तक उचलल्या जागी ठेवणं हे कल्पनाशक्ती आटल्याचं लक्षण आहे. हात जिथे सैल पडेल तिथे ठेवा. योगासनं ड्रमवादकांच्या आत्मचरित्रांत खोचा, बालकविता कायद्यात. महिन्यानं कोणी ते मागेल, संगणक म्हणेल आहे, मी म्हणेन नाही, आणि तुमची आठवण निघेल. अर्थात माझी स्वतःची मांडणी फार सरळ आहे अशातला भाग नाही. जेथ्रो टल या बँडचा इतिहास मी बरीच वर्षं शेतीच्या फळीवर ठेवला होता. ज्याच्यावरून त्यांनी नाव घेतलं तो खरा जेथ्रो टल इंग्लंडातला शेतीतज्ज्ञ होता. 1701च्या सुमाराला त्यानं पेरणीयंत्र बनवलं आणि 1731 मध्ये नांगरणी-कोळपणीवर पुस्तकही लिहिलं. हा विनोद कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून मी थांबलो होतो. अखेर एका गृहस्थांनी ते उघडलं, बासरी हातात धरून एका पायावर उभा असलेला बँडचा दाढीवाला गायक पाहिला आणि मला विचारलं, "ही कुठली पद्धत?"

आणखी एक उपाय. आत येऊन फक्त "रॉकवर काही आहे का?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. एका मुलानं हे केलं होतं. माझे डोळे भरून यायचे बाकी होते. त्याला हाताला धरून संगीताच्या कपाटापाशी नेलं. गीतकार-गायक बॉब डिलनला 2016चं साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हापासून त्याचे शब्द कवितेत ठेवायचे की संगीतात, यावरून माझं माझ्याशीच भांडण चालू आहे, ते सविस्तर सांगितलं. डिलन समारंभाला गेलाच नाही, त्याच्या जागी पॅटी स्मिथ गायली, भर सभेत शब्द विसरली, माफी मागून पुन्हा सुरू झाली. आणि ही पॅटी स्मिथ तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये पुस्तकाच्या दुकानात नोकरीला होती, म्हणजे आमच्यातलीच, हेही सांगितलं. मुलगा चांगल्या वळणाचा. वीस मिनिटं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "सर, मला बेसॉल्ट हवा होता." मला क्षणभर वाटलं, नवा बँड. हेवी मेटल असणार, नावावरूनच कळतंय. भूगर्भशास्त्र दुसऱ्या भिंतीला होतं.

तुम्हाला खरेदी दुसरीकडे करायची असेल, तर संकोच कसला? पुस्तक निवांत चाळा. कुठला अनुवाद चांगला, कुठल्या आवृत्तीत टीपा आहेत, अक्षर कशात मोठं आहे, हे सगळं माझ्याकडून काढून घ्या. मग मलपृष्ठावरच्या आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचा, फोटो घ्या. 2007च्या आधी तो 10 अंकी असायचा, आता 13 अंकी आहे, त्यामुळे पाठ करायच्या फंदात पडू नका, फोटोच बरा. फक्त तो काढताना माझ्याकडे पाठ करा. मी त्या वेळी पावतीपुस्तकात डोकं घालतो. आपल्यातला हा अबोल सभ्यपणा जपायला हवा. निघताना एक बुकमार्क मात्र मागून घ्या, फुकट असतो.

मानदुखीची तक्रार असेल तर ती माझ्याकडे करू नका, कारण ती माझी करणी आहे. इंग्रजी पुस्तकांच्या कण्यावरचं नाव वरून खाली वाचायचं असतं, फ्रेंच पुस्तकांवर बहुतेक वेळा खालून वर. एकाला मान उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे. दोन्ही एकाआड एक लावली की भाषांच्या फळीपुढे उभा राहिलेला गंभीर माणूस आपोआप हेडबँगिंग करायला, म्हणजे रॉकच्या तालावर डोकं झटकायला लागतो. गाणं जरा वेगाचं असलं तर ताल सुद्धा जमतो. गल्ल्यावरून हे बघण्याइतकं सुख या धंद्यात दुसरं नाही. नफ्यात तर नाहीच नाही.

शुद्धलेखनाच्या चुका काढायला मात्र अवश्य या. माझ्या पाटीवरची वेलांटी आजवर नऊ जणांनी दाखवली आहे. ऱ्हस्व-दीर्घावरून मी स्वतः वितरकांशी अबोला धरतो. आणि ज्यांच्यावर जीव टाकतो त्यांचं काय? लेड झेपेलिननं आपल्या नावातलं एक अक्षर मुद्दाम गाळलं, लोक 'लीड' म्हणतील म्हणून. मोटरहेड आणि ब्लू ऑयस्टर कल्ट यांनी स्वरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं दिली, ज्यांचा उच्चाराशी काडीचा संबंध नाही, नुसता दरारा. त्यांना सगळं माफ. पाटीवरची वेलांटीही दरारा म्हणूनच आहे, असं मी दहाव्या माणसाला सांगणार आहे.

रॉकवाले रानटी, स्टेजवर गिटारी फोडतात, हे म्हणायचं राहून गेलं असेल तर तेही म्हणून टाका. आम्ही पुस्तकवाले सुसंस्कृत. अमेरिकेत स्वस्तातली पेपरबॅक खपली नाहीत की पुस्तक परत पाठवण्याचा खर्च कोण करणार, म्हणून नुसतं मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे पाठवायचं आणि उरलेलं पुस्तक रद्दीत घालायचं, अशी रीतच आहे. गिटार निदान टाळ्यांच्या कडकडाटात फुटते.

टी-शर्टाचं तेवढं सांभाळा. छातीवर काळ्या रंगात पिंक फ्लॉइड बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या एलपीवरचा त्रिकोणी लोलक आणि त्यातून फुटलेले रंग घेऊन आलात, तर मी विचारणारच, दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं कुठलं. "डिझाइन आवडलं म्हणून घेतला" असं खरं उत्तर द्या आणि माझा चेहरा बघा. फक्त त्या भरात माझ्यामागच्या फळीवरच्या जाडजूड कादंबरीकडे बोट दाखवून "ही कशी आहे?" असं विचारू नका. मी ती शेकड्यानं विकली आहे. पहिल्या शंभर पानांवर मी तासभर बोलू शकतो. त्यापुढच्या पानांबद्दल माझं म्हणणं एवढंच, की क्वीन बँडच्या गिटारवाल्या ब्रायन मेनं सूर्यमालेतल्या धुळीवरचा आपला प्रबंध बँडपायी अर्धवट टाकला होता आणि 30 वर्षांहून जास्त काळानं, 2007 मध्ये पुरा करून पीएचडी मिळवली. माझ्या प्रतीवर धूळ भरपूर आहे. अभ्यास चालू आहे.

"शफलवर टाका ना, तेच तेच काय ऐकताय" हा सल्ला देणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. त्यांनी निवडलेली रहस्यकथा हातात घेतो आणि खुनी कोण ते सांगतो. क्रम असा महत्त्वाचा नसतोच, नाही का?

आता शेवटचं. पुस्तक विकत न घेता दुकानातच संपवायचं असेल, तर खुर्ची मागू नका. दोन कपाटांच्या मधल्या बोळात फरशीवर बसा, पाय पसरा, म्हणजे खोकं घेऊन जाताना मला ते ओलांडावे लागतील. एक मुलगी अशी येते. कॉलेजातली असावी. आली की सरळ त्या बोळात. काही विकत घेत नाही, काही विचारत नाही, पानाचा कोपरा मात्र कधी दुमडत नाही, हे मी नंतर तपासून पाहिलं आहे. परवा तिला स्पष्ट सांगायचं मी ठरवलं होतं. वाक्य तयार होतं. एलपीची एक बाजू म्हणजे जेमतेम वीस-बावीस मिनिटं. ती संपली की बोलायचं.

बाजू संपली. सुई शेवटच्या खाचेत जाऊन टक्, टक्, टक् करायला लागली. मी उठलो, घसा खाकरला. बोळातून आवाज आला, "काका, दुसरी बाजू लावा ना. माझी चाळीस पानं राहिलीत."

मी रेकॉर्ड उलटी केली.