शाळेच्या उंच खिडक्या आणि तो पोटमाळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ऑक्सफर्डशायरमधल्या १८७२ सालच्या एका गावशाळेचं घर झालं, त्यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की शाळा बंद पडल्याचं दुःख करायचं सोडून मी तिथल्या स्वयंपाकघराचं कौतुक करत बसले. शिवाय, मुलांना बाहेर बघता येऊ नये म्हणून ज्या खिडक्या उंच बांधल्या, त्या कोंडवाड्याच्या खिडक्यांसाठी आधीच्या मालकांनी घातलेला पोटमाळा उतरवून निजायची जागा का घालवायची? आयुष्यभर शिकवलेल्या माणसाचा हा राग आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खिडक्या, कारण तिथं चूक माझी आहे. मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये, एवढंच कारण मी दिलं होतं. ते खरं आहे, पण अर्धंच. खेड्यातल्या शाळेत तेव्हा गॅसचे दिवे कुठले? सगळा वर्ग दिवसाच्या उजेडावर चालायचा, आणि इंग्लंडच्या डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. खिडकी जितकी उंच जाते तितका उजेड खोलीत आतवर पोचतो, अगदी पलीकडच्या भिंतीलगतच्या बाकापर्यंत. लंडनच्या स्कूल बोर्डाचे, म्हणजे तिथल्या सार्वजनिक शाळा बांधणाऱ्या मंडळाचे, वास्तुविशारद ई. आर. रॉबसन यांनी १८७४ साली शाळांच्या बांधणीवर पुस्तक लिहिलं. उजेड मुलांच्या डाव्या बाजूनं यावा, असा त्यांचा आग्रह होता. उजव्या हातानं लिहिताना स्वतःच्याच हाताची सावली अक्षरावर पडते, म्हणून.

छपराच्या उंचीलाही असंच कारण आहे. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर सरकारी अनुदान हवं असेल तर मुख्य वर्गात दर मुलामागे निदान ८० घनफूट जागा लागायची. मुलं खाली दाटीवाटीनं बसलेली, अंगावर पावसानं भिजलेले लोकरी कपडे, कोपऱ्यात कोळशाची शेगडी. त्यांच्या वाटणीची हवा डोक्यावरच असणार. म्हणून ती उंच दालनं. मला त्यात कोंडवाडा दिसत नाही, सर. कुणीतरी मुलांच्या श्वासाचा हिशेब केलेला दिसतो.

आता पोटमाळा. आधीच्या मालकांनी तो घातला तेव्हा तो बरोबर खिडकीच्या मधून गेला. खिडकीचा पाय खालच्या खोलीत, कमान वरच्या खोलीत. खाली भर दुपारी दिवा लावावा लागे. वर उजेड गुडघ्यापाशी यायचा, आणि छपराची कैची इतकी अंगावर की पलंगावरून उठताना डोकं आपटायचं. एका सुंदर दालनाच्या दोन वाईट खोल्या झाल्या होत्या. आताच्या जोडप्यानं तो पोटमाळा उतरवला, पण निजायची जागा घालवली नाही. शाळेला लागून मास्तरांचं छोटं घर आहे. अशा बऱ्याच शाळांना असायचं. खोल्या तिथं नेल्या. दालन अखंड राहिलं, त्यात चूल आणि जेवणाचं टेबल आलं. म्हणून मी स्वयंपाकघराबद्दल इतकं लिहिलं. तिथं उभं राहिलं की पूर्ण खिडकी एका नजरेत मावते, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव त्यातच आहे.

शाळा बंद पडल्याचं वाईट मलाही वाटतं. पण ती कुणी घरासाठी हिसकावून घेतली नाही. १९२६ च्या हॅडो अहवालानं, म्हणजे शिक्षणावरच्या एका सरकारी समितीच्या अहवालानं, अकरा वर्षांवरची मुलं वेगळ्या शाळेत पाठवावीत असं सुचवलं, १९४४ च्या कायद्यानं ते देशभर लागू झालं. मोठी मुलं गेली, आणि लहान गावात वर्ग भरण्याइतकीही मुलं उरेनात. जागेचीही एक गोष्ट आहे. १८४१ च्या कायद्यानं जमीनदाराला एक एकरापर्यंत जमीन शाळेसाठी देता यायची, पण शाळा थांबली की ती त्याच्या वारसांकडे परत जायची अशी तरतूद होती. शंभर-सव्वाशे वर्षांनी वारस शोधायचे कुठे? शेवटी १९८७ साली नवा कायदा आला : जागा विश्वस्तांच्या हाती राहावी, त्यांना ती विकता यावी, पैशावर हक्क वारसांचा. म्हणजे ‘गावानं शाळा विकून खाल्ली’ हे तुमचं वाक्य इथं लागू पडत नाही. कौलांतून पाणी गळत, दगडांच्या दरजांमधला चुना सुटत ही इमारत रिकामी उभी होती. कुणी राहायला आलं नसतं तर आज खिडक्यांवर वाद घालायला खिडक्याच उरल्या नसत्या.

दारांवरची अक्षरं राहिली का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. राहिलीत. ‘बॉइज’ आणि ‘गर्ल्स’, दोन्ही दगडात कोरलेली. घरात जायचं ते मुलींच्या दारानं. मुलांच्या दाराच्या आतल्या बाजूला पुस्तकांचं कपाट आलंय, बाहेरून लाकडी दार जसंच्या तसं आहे. दोन्ही उंबरे मधोमध झिजलेत, मुलांचा जरा जास्त.